मुसळीचा हिशेब

सफेद मुसळी सातपुड्यात पावसाबरोबर आपोआप उगवते, कोवळ्या पानांची भाजीही होते. तीच २००० च्या आसपास खाली शहाद्याकडे लखपती करणारं पीक म्हणून उतरली. काकांनी अर्धा एकर लावली. बेणं महाग, मुळ्या सोलायला मजूर, आणि पाच किलो ओला माल वाळून जेमतेम किलोभर! तरी पैसा झाला. कारण माल औषधाला गेलाच नाही, पुढच्या शेतकऱ्याला बेणं म्हणून गेला. मग काकूच्या पाटल्या मोडून दोन एकर केली, तोवर नवे लावणारे संपले होते. परत खरेदीचा करार केलेल्यांचा फोन लागेना. सुकी मुसळी वर्षभर माळ्यावर पडून होती.

काकांनी पुढे पपई लावली. तिचा व्यापारी निदान बांधावर येतो.