मिठाची बरणी

आरोग्यविषयक पत्रकांचे भाषांतर करताना ‘गलगंड’ हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. त्याचा अर्थ मात्र मला काशीत, दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवर उमगला. मावशी आणि तिची गर्भवती सून यांच्यासमवेत बसलो असता तराईकडची एक वृद्ध यात्रेकरू शेजारून गेली. तिचा सुजलेला गळा पाहून वहिनींचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला.

गळा निदान दिसतो. आईला आयोडीन फार अपुरे पडले, तर पोटातील बालकाच्या मेंदूची हानी होते. ती दिसत नाही आणि मागाहून भरूनही येत नाही. समोरची गंगा मैदान सुपीक करते खरी. पण पावसापुरांनी शतकानुशतके मातीतील आयोडीन धुऊन नेले. मग ते धान्यात कोठून यावे? कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग आरंभिला आणि तेथील गलगंड घटत गेला. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

मावशीच्या घरी शेगडीशेजारी उघड्या वाडग्यात केवळ सैंधव, शुद्ध म्हणून! (शुद्धतेविषयी मावशीशी वाद घालण्याचे धाडस मी पूर्वी कधी केले नव्हते.) सैंधवात आयोडीन नाममात्रच असते, हे मी त्या दिवशी सांगितले.

“आणि एकादशीला रे?”

“तेवढ्यापुरते सैंधव चालेल, मावशी.”

सायंकाळी झाकणाची नवी बरणी शेगडीपासून दूर, फळीवर दिसली. वहिनींनी आमटी उतरवताना तीतले मीठ घातले.