पाठ लागली कोणाची?

आमच्या शेजारीं स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा एक तरुण राहतो. दिवसभर तो सामान्यज्ञानाचीं पुस्तकें पाठ करितो आणि सायंकाळीं आम्ही ओसरीवर येऊन बसलों म्हणजे शंका घेऊन येतो. इंग्रजीचा प्राध्यापक म्हणजे सर्वज्ञ, अशी त्याची भाबडी समजूत आहे व ती आम्हीं अद्याप मोडलेली नाहीं. कारण ती मोडण्यांत त्याचा फायदा नाहीं आणि आमचा तोटा आहे. एके दिवशीं त्यानें विचारलें, "सर, २०२५ सालचा महाराष्ट्र केसरी कोण?" प्रश्न सोपा होता. आम्हीं सांगितलें, "पृथ्वीराज मोहोळ. फेब्रुवारींत अहिल्यानगरला झाले." तो म्हणाला, "पण माझ्या वहींत वेताळ शेळके आहेत. मार्चमध्यें, कर्जतला." आम्हीं म्हटलें, "मग दोघेहि लिही." त्यावर तो केविलवाण्या स्वरांत म्हणाला, "सर, चार पर्यायांतला एकच बरोबर असतो ना!"

त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. केसरी म्हणजे सिंह, आणि एका रानांत राज्य एकाच सिंहाचें, ही आपल्या लोकांची पिढीजात समजूत. परंतु महाराष्ट्राच्या कुस्तींत अलीकडे दोन संघटना समोरासमोर उभ्या राहिल्या. प्रत्येकीचें म्हणणें आपण खरी व दुसरी तोतया. प्रत्येकीचें मैदान निराळें आणि गदाहि निराळी. म्हणूनच २०२५ सालीं दोन महिन्यांच्या आंत एकाच जिल्ह्यांत दोन केसरी झाले. २०२३ च्या नोव्हेंबरांत तर याहूनहि नवल घडलें. पुण्याजवळ फुलगांवला अंतिम कुस्तींत सिकंदर शेख यांनीं शिवराज राक्षे यांना हरविलें. आणि त्याच महिन्यांत धाराशिवच्या मैदानांत तेच राक्षे महाराष्ट्र केसरी झाले! एकच मनुष्य एकाच महिन्यांत पराभूतहि आणि अजिंक्यहि. घटपटाची खटपट करण्यांत ज्यांचा जन्म गेला त्या नैयायिकांनाहि हें कोडें सुटलें नसतें.

बरें, एकाच मैदानापुरतें पाहूं म्हटलें तर तेथेंहि स्वस्थता नाहीं. या स्पर्धेची रीत अशी कीं, गादीवरचा विजेता व मातीवरचा विजेता यांची शेवटीं गांठ पडते. अहिल्यानगरला गादी विभागाच्या अंतिम कुस्तींत पंचांनीं राक्षे यांना चितपट ठरविलें. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहींत, असें त्यांचें म्हणणें. वाद वाढला आणि संतापाच्या भरांत पंचांना लाथ मारण्यापर्यंत मजल गेली. पुढें किताबाच्या कुस्तींत महेंद्र गायकवाड हेहि पंचांच्या निर्णयावर रुसून अखेरच्या क्षणीं गादी सोडून गेले. दोघांवर तीन तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. त्यानंतर आठवडाभर जळगांवच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर हातांतल्या फोनचा पडदा मोठा करकरून लोक एकच गोष्ट पाहत होते: खांदा टेकला कीं नाहीं? पाठ लागली कोणाची?

आमच्या लहानपणीं हा प्रश्न इतका अवघड नव्हता. खानदेशांतल्या कोणत्याहि जत्रेंत तिसऱ्या प्रहरीं नदीच्या कोरड्या पात्रांत किंवा गांवाबाहेरच्या पटांगणांत फड लागे. ढोल वाजे, लोक गोल करून बसत, पोरें झाडांवर चढत. तेथें गुण नव्हते, मिनिटें नव्हतीं. पाठ लागली कीं कुस्ती संपली, आणि ती लागलेली पांचशें डोळ्यांना एकदम दिसे. बराच वेळ झुंजूनहि कोणाचीच पाठ लागली नाहीं, तर गांवचे पंच मध्यें पडत, दोघांचे हात वर करीत, कुस्ती बरोबरींत सोडवीत आणि इनाम दोघांना निम्में निम्में वांटून देत. त्यांत कोणाला कमीपणा वाटत नसे. तीं दोन पोरें एकमेकांच्या अंगावरची माती झाडीत बाहेर पडत.

महाराष्ट्र केसरीच्या मानाशींहि आमच्या प्रांताचें नातें जुनें आहे. ही स्पर्धा १९६१ सालीं औरंगाबादेस सुरू झाली. दुसऱ्याच वर्षीं ती धुळ्यास भरली व भगवान मोरे केसरी झाले. अलीकडच्या काळांत चाळीसगांव तालुक्यांतल्या सायगांव बगळीच्या विजय चौधरी यांनीं २०१४, २०१५ व २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षें गदा जिंकली, तेव्हां गिरणाकांठीं दिवाळी झाली. परंतु आमच्या मनांत घर करून राहिलें आहे तें १९७७ साल. त्या वर्षीं स्पर्धा खुद्द चाळीसगांवीं भरली होती, आणि विजेत्यांच्या यादींत त्या सालापुढें कोणाचेंच नांव नाहीं. एकच शब्द आहे: 'अनिर्णित'. पूर्वीं आम्हांला ती जागा यादींतला एक पडलेला दांत वाटे. आतां वाटतें, साऱ्या यादींत तिच्याइतकी प्रामाणिक जागा थोडी असेल.

असें कां वाटूं लागलें, हें सांगण्यास थोडें दूर जावें लागेल. आमचा एक भाचा अमेरिकेंत नोकरीस आहे. तेथें विद्यापीठांचे संघ फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात त्यांत पायाचा संबंध थोडा आणि हातांचा व खांद्यांचा फार. पण लोकांना त्याचें वेड मात्र आपल्याकडच्या क्रिकेटसारखें. संघ शंभराहून अधिक, आणि हंगामांत प्रत्येकाच्या वांट्याला सामने बारा-तेरा. तेव्हां सर्वांची सर्वांशीं गांठ पडणें अशक्य. म्हणून पूर्वीं तेथें वार्ताहर आणि खेळाचे शिक्षक यांच्या मतांवर अजिंक्य संघ ठरे, व मतें फुटलीं कीं अजिंक्य दोन होत. २००३ च्या हंगामांत लुइझियाना स्टेट आणि सदर्न कॅलिफोर्निया या दोघांनींहि विजयाचे झेंडे लावले. हा घोटाळा मिटावा म्हणून २०१४ च्या हंगामापासून तेरा जणांची एक समिति चार संघ निवडूं लागली आणि अजिंक्यपद त्या चारांच्या सामन्यांतून ठरूं लागलें.

२०२३ च्या डिसेंबरांत भाच्याचा फोन आला. "मामा, भयंकर अन्याय झाला!" फ्लोरिडा स्टेट हा त्याचा आवडता संघ तेरापैकीं तेरा सामने जिंकला होता, परंतु हंगामाच्या अखेरीस त्यांचा मुख्य खेळाडू पायाच्या दुखापतीनें बसला. समितीनें त्या अपराजित संघाला वगळलें आणि एकेक सामना हरलेल्या टेक्सास व अलाबामा यांना घेतलें. कारण काय, तर त्या खेळाडूवांचून हा संघ आतां पूर्वीचा राहिलेला नाहीं. पुढें दुसऱ्या एका सामन्यांत त्याच संघाचा जॉर्जियानें ६३-३ असा धुव्वा उडविला, तेव्हां समितीचे कैवारी म्हणाले, "पाहा, आम्ही सांगत नव्हतों?" पण त्या सामन्यांतून फ्लोरिडाच्या अनेक खेळाडूंनीं आधींच अंग काढून घेतलें होतें. पुढच्या हंगामापासून चार जागांच्या बारा झाल्या. पूर्वीं पांचवा रडत असे, आतां तेरावा रडतो, इतकाच फरक.

भाचा तावातावानें बोलत होता आणि आम्ही नुसते हुंकार देत होतों. "मामा, तुम्हांला कांहींच वाटत नाहीं का?" असें त्यानें शेवटीं विचारलें. वाटत होतें. परंतु जें वाटत होतें तें त्याला सांगण्याजोगें नव्हतें. कारण तसल्याच एका समितींत आम्ही स्वतः बसून आलेले होतों.

गोष्ट सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची. जळगांवचें विद्यापीठ १९९० सालीं स्थापन झालेलें. त्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना अजून नवेपणाचा उत्साह होता. आम्ही खानदेशांतल्या एका महाविद्यालयांत नुकतेच लागलों होतों. कुस्तीचें नियमपुस्तक इंग्रजींत होतें, एवढ्याच कारणासाठीं आम्हांस निवड-समितीवर घेण्यांत आलें. डाव आम्हांला ओळखतां येत नव्हता. पोटकलम ओळखतां येत होतें.

एका वजनगटांत दोन मुलगे होते. त्यांतला एक एरंडोलकडच्या खेड्यांतला, कोरडवाहू शेतकऱ्याचा. त्या हंगामांत त्यानें एकहि कुस्ती गमावलेली नव्हती. दुसऱ्याला तर दोनदां चीत केलें होतें. निवडीच्या आठ दिवस आधीं घरचा कापूस गाडींत भरतांना त्याचा गुडघा दुखावला. तो लंगडत आला आणि म्हणाला, स्पर्धेपर्यंत मी बरा होईन. त्याला बाहेर बसवून समितीनें विचार सुरू केला. त्या वेळीं आम्हीं एक वाक्य उच्चारलें: "निवड हें मागच्या पराक्रमाचें बक्षीस नसून पुढच्या यशाची तरतूद आहे." वाक्य आम्हांला फार आवडलें. समितीलाहि आवडलें. दुसऱ्या मुलाचें नांव लिहिलें गेलें.

दुसऱ्या दिवशीं तो प्राध्यापकांच्या खोलीच्या दारांत उभा राहिला. आमच्याशीं तो नेहमीं जपून, पुस्तकी मराठी बोले. त्या दिवशीं त्याची घरची अहिराणीच बाहेर पडली. "सर, मी हारनू कोठे?" तो म्हणाला. मी हरलों कोठें, एवढेंच त्याला विचारावयाचें होतें. त्यांत राग नव्हता. हरवलेली वस्तु शोधणारा मनुष्य जसा विचारतो, तसें त्यानें विचारलें. आम्हीं उत्तर दिलें, "समितीचा निर्णय आहे." लेखणी हातांत घेतली म्हणजे आम्ही एकटे असूनहि 'आम्ही' होतों, ती लेखकांची जुनी रूढि आहे व तिला वाचक हंसतात आणि क्षमा करतात. पण त्या दिवशीं समितीच्या आड जें 'आम्ही' लपलें तें क्षमेच्या योग्यतेचें नव्हतें. वाक्य एकट्याचें होतें, आणि आम्हीं तें चौघांच्या खांद्यांवर ठेवून दिलें.

दुसरा मुलगा स्पर्धेंतून दुसरा क्रमांक घेऊन आला. आमचा निर्णय बरोबर ठरला, असें सर्वजण म्हणाले. तो बरोबर ठरला ही गोष्टच आम्हांला अधिक बोंचत राहिली. कारण निर्णय बरोबर ठरूनहि त्या प्रश्नाला उत्तर मिळालें नाहीं. पुढच्या वर्षीं त्या मुलानें कुस्तीसाठीं नांव दिलें नाहीं.

अजिंक्य ठरविण्याची रीत चांगली कीं वाईट, हें जिंकणाऱ्याला विचारून कळत नाहीं. जिंकणाऱ्याला कोणतीहि रीत गोडच लागते. हरणाऱ्याला विचारावें: तूं कोठें हरलास? बोट ठेवून त्याला जागा दाखवितां आली तर ती रीत न्यायाची. सर्वांत श्रेष्ठ कोण, हें अचूक सांगणारा तराजू मनुष्यानें अजून घडविलेला नाहीं. पण पराभवाची जागा दाखविणें त्याच्या हातचें आहे.

वाचक म्हणतील, मैदानांतहि शेवटीं पंचच असतो आणि त्याचेहि डोळे चुकतात; अहिल्यानगरचें काय? आक्षेप योग्य आहे. पण पंच चुकला तर सर्वांच्या समक्ष चुकतो, व त्या चुकीला एक जागा आणि एक क्षण असतो. चित्रफीत पुन्हां लावतां येते. ती त्या पंचानें नव्हे, दुसऱ्या जाणत्यांनीं तेथल्या तेथें पाहावी, एवढी व्यवस्था करणें कठीण नाहीं. ती असती तर लाथेचें समर्थन झालें असतें असें नाहीं, पण लाथेला निमित्त उरलें नसतें. समितीचें भाकीत मात्र कधींच तपासतां येत नाहीं. कारण जी कुस्ती झालीच नाहीं तिची चित्रफीत कोठून आणणार? आणि दोन संघटनांच्या दोन केसरींचेंहि असेंच आहे. त्यांतला प्रत्येकजण आपल्या मैदानांत खरा. पण एकमेकांसमोर त्यांची गांठ घालून देण्यास कोणी तयार नाहीं. ती गांठ पडेपर्यंत त्या सालापुढें चाळीसगांवचा जुना शब्द लिहावा, असें आमचें मत आहे. आम्हीं तें शेजारच्या तरुणाला सांगितलें. तो म्हणाला, "सर, हा पर्याय परीक्षेंत देत नाहींत."

गेल्या चैत्रांत धुळ्याहून जळगांवला परततांना वाटेंतल्या एका गांवच्या जत्रेंत आम्ही उतरलों. पत्र आलें होतें. इनामें आमच्या हातून द्यावयाचीं होतीं. पत्राखालीं नांव त्याचेंच होतें. आतां तो गांवांत तालीम चालवितो. डोक्याचे केंस पिकूं लागले आहेत, चालतांना गुडघा अजून किंचित् अडखळतो. त्यानें आमचे पाय धरले आणि जुना विषय काढला नाहीं. आम्हींहि काढला नाहीं. काढावा असें सकाळपासून ठरवून गेलों होतों.

शेवटची कुस्ती दोन कोवळ्या पोरांची होती आणि पंच तोच होता. वीस मिनिटें झालीं, ऊन उतरलें, पोरें मातीनें लाल झालीं. कोणाचीच पाठ लागेना. लोक ओरडूं लागले, "एकाला दे, निकाल लाव!" आमच्या शेजारच्या पुढाऱ्यानेंहि हांक मारून तेंच सांगितलें. त्यानें पोरांना सोडविलें, दोघांचे हात वर केले आणि आमच्याकडे येऊन हळूच म्हणाला, "दोघांतला कोणी हरलाच नाहीं, सर. मग हरवूं कोणाला?"

आम्हीं दोघां पोरांच्या हातांत निम्में निम्में इनाम ठेवलें. त्याच्या तोंडाकडे पाहण्याचें मात्र आम्हांस धैर्य झालें नाहीं.