साखरेपुढचा आकडा

सहकारी साखर कारखान्याच्या पट्ट्यात आहाराचा सल्ला द्यायला बसलेल्या माणसाची पंचाईत निराळीच असते. इथे साखर पाव-अर्धा किलोने आणायची पद्धतच नाही. सभासदाला ती सवलतीच्या दरात मिळते, दिवाळीच्या तोंडावर पिशव्या भरून घरी येते, आणि एकदा आली की ती मोजून वापरायचं कुणाच्या मनात येत नाही. तात्यासाहेब कोरे यांनी वारणाकाठच्या माळावर कारखाना उभा केला, त्याच्याभोवती वारणानगर वसलं. पुढे दूध संघ आला, इथलं श्रीखंड मुंबई-पुण्यापर्यंत पोचलं. ज्या गावाची चूल ऊस आणि दुधावर पेटली, तिथे ‘गोड कमी करा’ म्हणणारी बाई आधी शत्रुपक्षाचीच वाटते.

माझ्याकडे गर्दी होते ती दोनदा : दिवाळीचा फराळ संपल्यावर आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. नव्या वर्षाचे संकल्प बहुतेक पुरुष करतात आणि ते पाळायची जबाबदारी बायकांवर येते. ‘एक तारखेपासून भात बंद, तेल बंद, गोड बंद’ असं जाहीर करून माणूस कामावर जातो. घरात मात्र स्वयंपाक दोन तऱ्हेचा होऊ लागतो, आणि संक्रांतीच्या आत सगळं पूर्वपदावर येतं. दोष इच्छाशक्तीला दिला जातो. मला तसं वाटत नाही. संकल्प एकट्याचा असतो आणि पातेलं सगळ्या घराचं, खरी अडचण तिथे आहे.

आपल्याकडे श्रावण पाहा. आठवड्याला तांबडा-पांढरा रस्सा लागणारी, मटणावाचून रविवार न मानणारी माणसं महिनाभर त्याचं नावही काढत नाहीत. तेव्हा त्यांची इच्छाशक्ती अचानक वाढते का? मुळीच नाही. त्या महिन्यात घरात मटण शिजतच नाही, शेजारीही शिजत नाही, त्यामुळे रोज नव्याने मोह आवरावा लागत नाही. (श्रावणाच्या आदल्या अमावस्येला जे ताट वाढलं जातं, ते आणि 31 डिसेंबरची रात्र ही सख्खी भावंडं. उद्यापासून बंद म्हटलं की आज दुप्पट.) श्रावणातली एकच गोष्ट आपल्या कामाची नाही. तो संपतो.

बाकी धडा तोच : घरात जे येतं, तेच ताटात येतं. म्हणून मी माणसाला काय खाता हे फारसं विचारत नाही. त्यावर सगळेच खोटं बोलतात, आणि तेही प्रामाणिकपणे. मी वाण्याची महिन्याची यादी घेऊन यायला सांगते. यादी खोटं बोलत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक सूत्रं काढली. 2000 कॅलरींच्या शाकाहारी ताटात दिवसाला सुमारे 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 27 ग्रॅम तेल-तूप, 400 ग्रॅम भाज्या असं ते प्रमाण आहे. वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत, मीठ 5 ग्रॅमपर्यंत. ग्रॅम कुणाच्याच डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत, म्हणून मी चार मोठ्या माणसांच्या घराचा महिन्याचा हिशेब मांडते. साखर आणि गूळ मिळून जास्तीत जास्त 3 किलो. तेल सव्वातीन किलोच्या आसपास. मीठ 600 ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी दीड महिन्यापेक्षा जास्त पुरायला हवी. लोणचं, पापड, फरसाणातून येणारं मीठही यातच धरायचं. डाळी आणि कडधान्यं 10 किलो. अंडी-मटण खाणाऱ्यांना डाळ थोडी कमी चालेल, पण हा शेवटचा आकडा ऐकून सगळ्यांचेच डोळे विस्फारतात. बहुतेक याद्यांत डाळ निम्मीसुद्धा नसते आणि साखर दुपटीहून पुढे असते.

“पण मॅडम, मी साखर बंद केलीया, गूळच घालतोय की चहात!” हे वाक्य मी ऐकत नाही असा आठवडा जात नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याची चव मलाही प्रिय आहे. रक्तातल्या साखरेला मात्र त्या मानांकनाची खबर नसते. गुळातही बहुतांश साखरच. थोडी खनिजं असतात, पण त्यांच्यासाठी गूळ खायचा तर नाचणी काय वाईट? शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, आणि ती आपल्याच पन्हाळा-शाहूवाडीच्या डोंगरउतारावर पिकते.

एकदम तोडायचं मात्र काही नाही. जीभ हळूहळू वळते. चहात दोन चमचे साखर घेणाऱ्याला मी पहिल्या पंधरवड्यात एवढंच सांगते की चमचा शिगोशीग भरू नका, सपाट भरा. पुढच्या पंधरवड्यात पावणेदोन, मग दीड. ज्याच्या हातात डबा आहे त्याने बाकीच्यांना सांगूही नये. मिठाचंही तसंच; दोन-तीन महिने कमी मीठ खाल्लं की जुनी आमटी खारट लागायला लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला होता : रोज एकाच वेळी एकच साधी गोष्ट करायची, जेवणाबरोबर फळ खाणं किंवा पाणी पिणं अशी. ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, कुणाला अंदाजाने 254 लागले असते. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडे एक दिवस जिलेबी खाल्ली की ‘मोडलं व्रत’ म्हणून सगळंच सोडून देतात.

हे 66 दिवस पाहता एक जानेवारीपेक्षा दिवाळीचा पाडवा मला सोयीचा वाटतो. तिथून संक्रांतीपर्यंत नऊ ते बारा आठवडे मिळतात. गळीत हंगाम सुरू झालेला असतो, बाजारात मेथी, पावटा, गाजर, ओला हरभरा स्वस्त होत जातो आणि शेवटी भोगी येते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पाच-सहा भाज्यांची लेकुरवाळी भाजी. वर्षातून एकदाच का करायची ती? दर आठवड्याच्या एका वारी बांधून टाकली, की भाज्यांच्या हिशेबाला तेवढाच हातभार लागतो.

एक प्रश्न मला कुजबुजत विचारला जातो : सगळ्यांनीच साखर कमी केली तर उसाचं काय? उसाला इथेनॉलचीही वाट आता मिळाली आहे. आणि आपल्या कपातले दोन चमचे वाचल्याने कारखान्याची मोळी थांबणार नाही. उसाच्या शेतातला खरा बदल घामात झाला आहे. आजोबा पहाटेपासून उसात पाणी पाजत फिरायचे, नातू खुर्चीवर बसून मोटार चालू-बंद करतो. दोघांच्या ताटातला भाताचा ढीग मात्र तेवढाच. नातवाने भात सोडू नये. आधी उसळीची वाटी मोठी करावी, भात आपोआप सरकतो.

तेव्हा या पाडव्याला नवी यादी करताना मटकी, हुलगे, मसूर वरच्या ओळीत घ्या. आणि साखरेपुढचा आकडा, तेवढा एकच, ज्याने संकल्प केला आहे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावा.