एका दुरुस्तीचें परीक्षण

ग्रंथाचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें. पण दहावीस ओळींच्या दुरुस्तीचेंहि परीक्षण होतें आणि परीक्षकाचें नांव तिच्याखालीं कायमचें लिहिलें जातें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. संगणकाचा सारा कारभार चालविणारी जी कार्यप्रणाली, तिच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. लिनक्स नांवाच्या कर्नलच्या दुरुस्त्या वाचणें हा माझा व्यवसाय आहे, आणि तो खामगांवांत बसून चालतो हें आमच्या गल्लींत अजून कोणास खरें वाटत नाहीं.

नवख्याला हें काम शिकवावयाचें झालें, कीं मी त्याच्यापुढें ऑक्टोबर २०१६ मधील एक दुरुस्ती ठेवतों.

यंत्राच्या स्मृतीची वांटणी पानांनीं होते. एकच पान अनेकांना वाचावयास मिळतें. त्यांतील एखाद्याला लिहावयाचें असेल, तर कर्नल त्याला खासगी नक्कल काढून देतो व मूळ पान अस्पर्श राहतें. आमच्या तलाठ्याच्या दप्तराचाहि हाच न्याय. आतां अशी कल्पना करा, कीं कारकुनानें नक्कल काढली, काम झालें म्हणून अर्जावरचा "लिहिण्यासाठीं" हा शेरा खोडला, आणि तेवढ्यांत अर्जदारानें दुसऱ्या हातानें ती नक्कल फेकून दिली. कारकून पुन्हां अर्ज पाहतो. शेरा नाहीं, तेव्हां वाचण्यापुरतें मूळ पान द्यावयास हरकत कसली? तो मूळच पुढें करतो, आणि लेखणी तर आधींच उगारलेली असते! या फटींतून साधा वापरकर्ता सबंध यंत्राचा धनी होऊं शके. "डर्टी काऊ" या नांवानें ही खोड गाजली.

ती नवी नव्हती. लिनस टॉरव्हाल्ड्सनें २००५ सालींच ती बुजविण्याचा यत्न केला होता, पण आय.बी.एम.च्या एस-३९० यंत्रांवर अडचण आली व तो मागें घेतला गेला. अकरा वर्षांनीं नवी दुरुस्ती देतांना, आपला पहिला प्रयत्न वाईट होता असें त्यानें स्वतःच नमूद केलें. असा प्रांजळपणा ग्रंथकारांत विरळा.

नवी दुरुस्ती लहान व देखणी होती. "लिहिण्यासाठीं" हा शेरा खोडावयाचाच नाहीं; "नक्कल झाली" असा दुसरा शेरा जोडावयाचा; आणि पानावर "मळलेलें" ही खूण असेल तरच तो खरा मानावयाचा. पानावर कांहीं लिहिलें गेलें कीं ही खूण उमटते. नक्कल फेकली गेली असेल, तर मूळ पानावर ती कोठून येणार?

येथें मी शिष्याला थांबवितों. ओळ काय करते हें तो नीट सांगतो; ती कोणावर विसंबते हें मात्र सांगत नाहीं. माझे वडील महसूल खात्यांत मंडळ अधिकारी होते. वारसाचा फेरफार प्रमाणित करण्यापूर्वीं ते गांवांत जाऊन शेजाऱ्यांस विचारीत. कागदाला कागदाचीच साक्ष त्यांना पुरत नसे. मळलेली खूण म्हणजे नक्कलच, ही साक्ष कोणाची?

२०१७ मध्यें हीच युक्ति मोठ्या आकाराच्या पानांना लावली गेली. तेथें कर्नलनें पान नुसतें वाचण्यासाठीं हातीं घेतलें तरी तें मळलेलें ठरत होतें. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत हें उघडकीस आलें. पुढें २०२२ मध्यें, स्मृतींत राहणाऱ्या सामायिक फाइलींच्या बाबतींत, निराळ्याच वाटेनें पुन्हां तेंच. ही दुसरी वाट २०१६ च्या परीक्षकांस दिसणें शक्यच नव्हतें, कारण ती नंतर बांधली गेली. त्यांना दोष देणें मला अन्यायाचें वाटतें. पण खूण उमटविण्याचा अधिकार ज्यांना होता, ते सारे हा नवा करार पाळतील हें कोणी त्यांना सांगितलेंच नव्हतें. आणि परीक्षकानें विचारावयाचें तें नेमकें हेंच.

ऑगस्ट २०२२ मध्यें डेव्हिड हिल्डनब्रँड यांनीं "नक्कल झाली" हा शेराच काढून टाकला. आतां कर्नल मळलेल्या खुणेवर भिस्त ठेवीत नाहीं. हें पान एकट्या याच्याच मालकीचें आहे काय, हें पानाच्याच नोंदींत पाहतो.