चर कुणी खणले, पाणी कुणाच्या विहिरीत

‘बाई, श्रमदानाचा हिशेब मागायचा नसतो.’ भर ग्रामसभेत हे मला ऐकवलं गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली. ऐकवणाऱ्यांची डोंगराच्या पायथ्याशी बागायत आहे, दोन विहिरी आहेत आणि त्या वर्षी दोन्ही विहिरी काठोकाठ भरल्या होत्या. मी ज्यांच्यासाठी बोलायला उठले होते, त्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मी बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगरात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या येतात, आगाऊ उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि माझा निम्मा वर्ग रिकामा होतो. पाडव्याच्या आसपास माणसं परत येतात. इकडं हे सगळ्यांना पाठ आहे. पाणी अडवण्याच्या कामांची, गावागावांमधली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत झाली. पुढच्या वर्षी ती ३० तालुक्यांत गेली आणि आमचं गाव तिच्यात उतरलं. मुदत ८ एप्रिल ते २२ मे, म्हणजे नेमके टँकरचे दिवस. गावातली काही माणसं निवासी प्रशिक्षण घेऊन आली. माथ्यावरून कामाला लागायचं, पळतं पाणी चालतं करायचं, चालतं पाणी थांबवायचं आणि थांबलेलं जिरवायचं, हे त्यांनी गावाला समजावून सांगितलं. शाळेला सुट्टी लागायची होती, पण मी पहिल्या दिवसापासून पहाटे डोंगरावर जात होते.

ते दिवस फार चांगले होते, हे आधी सांगते. माझा राग श्रमदानावर आहे असा कुणी समज करून घेऊ नये. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी माणसं एका रांगेत बसून भाकरी खात होती. एका बागायतदाराने आपला ट्रॅक्टर गावाच्या हवाली केला. खोदाईच्या मशीनच्या डिझेलसाठी वर्गणी निघाली, तेव्हा शाळेतल्या पोरांनी खाऊचे पैसे आणून दिले. १ मेला शहरातून मुलंमुली आली. बिचाऱ्यांच्या हातांना तासाभरात फोड आले, तरी ऊन चढेपर्यंत कुणी हललं नाही. बायका ए-फ्रेम घेऊन समतल रेषा काढायच्या, फक्कीने आखायच्या आणि त्या रेषेवर पुरुष टिकाव घालायचे. गायरानावरचा मुरूम उन्हाने असा घट्ट झाला होता की टिकावाचा घाव बसला की नुसती ठिणगी उडायची.

पण रोज येणारं कोण होतं? हजेरीची वही माझ्याकडे होती म्हणून मला ठाऊक आहे. सभेला सगळं गाव, शेवटच्या दिवशी सगळं गाव, पाहुणे यायचे त्या दिवशीही सगळं गाव. मधल्या दिवसांत ज्यांनी एकही पहाट चुकवली नाही, त्यांत निम्म्याहून जास्त ऊसतोडीहून नुकती परतलेली होती. माझ्या चौथीतल्या एका मुलीची आई त्यांतली. पाच महिने मोळ्या वाहून आलेली बाई. उचल पुरती फिटली नव्हती, नवऱ्याच्या पायाला कोयता लागून जखम चिघळलेली. उन्हाळ्यात विहिरीच्या खोदकामावर नाहीतर वीटभट्टीवर गेली असती तर रोज सुटला असता. ती डोंगरावर येत होती. मी एकदा विचारलं, ‘ताई, कामाचे दिवस बुडतात तुमचे.’ ती म्हणाली, ‘बुडू द्या बाई. लेकरायला टँकरमागं पळायला लागू नये, एवढंच.’

माझा पगार चालू होता. मी सकाळचे तीन तास दिले तर माझ्या घरची चूल विझणार नव्हती. तिच्या घरची विझू शकत होती. दोघींच्या हजेरीची खूण मात्र वहीत सारखीच.

म्हणून मी एका बैठकीत सुचवलं की ज्यांच्याकडे जॉबकार्ड आहे, त्यांनी रोजगार हमीचं काम मागावं. समतल चर, दगडी बांध ही सगळी कामं तेव्हा त्या योजनेत बसत होती. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम देणं बंधनकारक होतं, नाही दिलं तर बेकारभत्ता. ही योजना तर आपल्याच मातीतली. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं रस्त्यावर खडी फोडत होती, त्यातून वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेला आकार आला, १९७७ साली महाराष्ट्राने कायदा केला आणि पुढे २००५ मध्ये देशाने तीच वाट धरली. सकाळी श्रमदान आणि नंतर हमीची मजुरी, असं करायला काय हरकत होती? उत्तर मिळालं, ‘एकदा मजुरी सुरू झाली की फुकट कोण येणार?’ बैठकीतल्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. अर्ज लिहिले गेलेच नाहीत.

ते मी तेव्हा सोसलं. कामाचा जोर होता, मोडता घालावासा वाटला नाही. खरा घाव ऑगस्टमध्ये बसला.

जूनच्या दुसऱ्या पावसात सगळे चर भरले. सकाळी आम्ही डोंगरावर गेलो तर पायऱ्यापायऱ्यांनी पाणी उभं होतं आणि खाली ओढा वाहत नव्हता. वाहत नव्हता म्हणून माणसं आनंदाने नाचली! पाणी जमिनीत मुरत होतं. महिनाभरात पायथ्याच्या विहिरींची पातळी चढली. चरांच्या भरावावर कडुलिंब, सीताफळ, करंज लावलं. मग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव आला की गायरानावर चराईबंदी करायची. कारण अगदी रास्त होतं. रोपं लहान, भराव कच्चे, शेळ्या फिरल्या तर दोन्ही जातील. पाणलोटाचं काम जिथं टिकलं, तिथं बहुतेक ठिकाणी चराईबंदी पाळली गेली आहे, हेही खरं.

पण आमच्या गायरानावर चरत कुणाची जनावरं होती? बागायतदारांच्या म्हशी गोठ्यात बांधलेल्या, त्यांना कडबा आणि मका. गायरानावर जायच्या त्या भूमिहीनांच्या शेळ्या. चौथीतल्या मुलीच्या आईकडे चार होत्या. दवाखान्याचा खर्च, शाळेचं दप्तर, मुकादमाचा उरलेला पैसा, सगळं त्या चार शेळ्यांच्या जिवावर. आता चर तिनेच खणले, रोपांना पाणी तिनेच घातलं, पाणी गेलं पायथ्याच्या विहिरींत आणि तिच्या शेळ्यांना डोंगर बंद. या बाईने गावाला श्रम दिले आणि वर आपलं कुरणही दिलं. इतकं मोठं दान त्या गावात दुसऱ्या कुणीही केलेलं नव्हतं.

एक म्हातारा उभा राहिला. ‘बंदी घाला, आमी मोडायचो न्हाई. पर शेळ्या कुठं न्यायच्या, ते बी सांगा.’ कुणीच काही बोललं नाही. मी उठले आणि विचारलं की विहिरींना जे पाणी वाढलं, त्यातला काही वाटा, निदान बांधावरच्या चाऱ्यापुरता, या घरांना ठरवून द्यायचा का? बंदी पाळण्याच्या बदल्यात गायरानावरचं गवत कापून न्यायचा हक्क त्यांनाच द्यायचा का? तेव्हा ते वाक्य आलं, श्रमदानाचा हिशेब मागायचा नसतो. पाठोपाठ दुसरं, ‘पाणी वाढलं की काम वाढेल, काम वाढलं की त्यांनाच मजुरी मिळेल.’ आणि तिसरं हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल असं, ‘मास्तरणीने शाळा बघावी.’ ठराव एकमताने मंजूर झाला असं लिहिलं गेलं. माझा हात वर नव्हता. त्या म्हाताऱ्याचाही नव्हता.

दिवाळीच्या आधी गायरानावर गुडघाभर गवत उभं राहिलं. पंचायतीने त्याचा लिलाव केला आणि ज्याच्याकडे पैसे होते त्याने तो घेतला. सप्टेंबरातच चौथीतल्या मुलीच्या आईने चारपैकी तीन शेळ्या बाजारात विकल्या होत्या.

यात माझं आकांडतांडव आहे असं ज्यांना वाटेल, त्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं उदाहरण पाहावं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसांवर. घरातल्या दर माणसामागे अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. हरियाणातल्या सुखोमाजरी गावातही डोंगरावरची चराई थांबवली, पण बदल्यात बंधाऱ्याच्या पाण्यात प्रत्येक घराला सारखा वाटा दिला, जमीन असो वा नसो. ज्याला जमीन नाही, त्याने आपला वाटा दुसऱ्याला विकावा. आणि हिवरे बाजार या गावात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी कडक, पण लोकांना गवत कापून नेता येतं आणि पीक पाण्याच्या ताळेबंदावर ठरतं. म्हणजे मी ग्रामसभेत जे मागत होते, ते आकाशातलं नव्हतं. कितीतरी आधी करून दाखवलेलं होतं.

आता जे सांगते, ते माझ्याच रागाच्या विरुद्ध जाणारं आहे. त्या दिवाळीला मुकादमाची गाडी आली, तेव्हा ती बाई गाडीत चढली नाही. पायथ्याच्या शेतांत कापूस वेचायला, कांदा लावायला, मग हरभऱ्याला, ज्वारीला माणसं लागत होती. गावातच तिला माघापर्यंत काम मिळालं. मुलगी वर्षभर शाळेत राहिली आणि भागाकार शिकली. ‘पाणी वाढलं की काम वाढेल’ म्हणणारा माणूस एका अर्थी खरा ठरला. मला ते कबूल करणं जड जातं, पण हजेरीपट माझ्याच हातचा आहे. त्या वर्षी माझ्या वर्गातून दरवर्षीपेक्षा कितीतरी कमी मुलं गेली. मी तिच्यापाशी पुन्हा शेळ्यांचा विषय काढला, तर ती म्हणाली, ‘बाई, तुमी कामून एवढं जिवाला लावून घेता? औंदा घरी दिवाळी झाली की.’ तिला राग नव्हता. मग मी कुणाच्या वतीने रागावले होते, असा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अधूनमधून अजूनही पडतो.

पण पुढच्याच वर्षी पाऊस रुसला. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आमचा त्यात होताच. शेजारच्या गावांपेक्षा आमच्या विहिरी जास्त दिवस टिकल्या, टँकर उशिरा लागला. हे चरांचंच पुण्य. मात्र टिकलेलं पाणी आधी बागेला गेलं. कापूस करपला, वेचायला काही उरलं नाही आणि काम गेलं. मजुरी पाण्यावर उभी होती, पाण्यावर हक्क मात्र नव्हता, त्यामुळे पहिल्या फटक्याला तीच कोसळली. तिने पुन्हा उचल घेतली. मुलीला आम्ही हंगामी वसतिगृहात ठेवून घेतलं. आणि कडबा महाग झाल्यावर, म्हशींची उपासमार होऊ लागल्यावर, गायरानावरची चराईबंदी एका संध्याकाळच्या बैठकीत उठली. त्यासाठी ग्रामसभेची वाट पाहायची गरज कुणालाच वाटली नाही. तोवर शेळ्या विकलेल्या घरांना त्या मोकळ्या गायरानाचा काय उपयोग?

श्रमदानाने गाव सुधारतं. मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यावर वाद घालणार नाही. सरकारी कामात वर्षानुवर्षं न उठणारे बांध ४५ दिवसांत उठले, भांडणारी माणसं एकत्र आली, माणसाला आपलं गाव आपल्या हातात आहे असं वाटू लागलं. यातलं काहीच पैशाने विकत आणता आलं नसतं. पण गाव सुधारणं आणि गावातल्या सगळ्यांत गरीब घराची गरिबी हटणं, या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत. डोंगरावर पडलेला घाम गुरुत्वाकर्षणाने खाली येतो आणि खाली ज्याची जमीन असेल त्याच्या विहिरीत साठतो. तो वाटून घ्यायचा तर आधी ठरवावं लागतं, बोलावं लागतं, लिहावं लागतं. माणसं भारलेली असतात तेव्हा हे बोलणं कोतेपणाचं वाटतं. काम संपल्यावर बोललं तर उशीर झालेला असतो, कारण तोवर पाणी कुणाचं तरी झालेलं असतं.

शहरातून एका दिवसासाठी येणाऱ्या मुलामुलींनाही माझं हेच सांगणं आहे. जरूर या, टिकाव धरा, हाताला फोड येऊ द्या. पण शेजारी घमेलं उचलणाऱ्या बाईला एवढं विचारून जा की तिला जमीन आहे का, तिचा रोज बुडतो का आणि पाणी आलं की तिला काय मिळणार आहे. उत्तर मिळालं नाही तर तो प्रश्न सरपंचांना विचारा. पाहुण्याने विचारलेलं गाव ऐकून घेतं, शिक्षिकेने विचारलेलं घेत नाही.

आणि ज्या गावात अजून टिकाव पडायचा आहे, तिथल्या लोकांना हात जोडून विनंती आहे. पहिला चर आखायच्या आधी ग्रामसभा घ्या. भूमिहीन घरांची नावं वाचा, वाढलेल्या पाण्यात त्यांचा वाटा किती आणि गायरानावरचं गवत कुणाचं, हे ठरावात लिहा, वर तारीख घाला आणि त्या घरांतल्या बायकांच्या सह्या-अंगठे घ्या. जॉबकार्डवाल्यांचे कामाच्या मागणीचे अर्ज त्याच दिवशी भरून पोच घ्या. मगच नारळ फोडा.