मधलं पद

मराठीत नारळाच्या वड्या पाडतात, जिलब्या पाडतात, बाजारात भाव पाडतात आणि आठवीच्या वर्गात अवयव पाडतात. ‘पुढील राशींचे अवयव पाडा’ हे वाक्य मी आजवर फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. जिलबीला हात बसला की बरं असतं. अवयवांना हात बसला की मात्र मी सावध होते. कारण माझाच हात बसला होता आणि डोकं बाजूला राहिलं होतं.

उदाहरण होतं ६क्ष² + ७क्ष − २०. रीत ठरलेली. पहिला सहगुणक आणि शेवटची संख्या यांचा गुणाकार करायचा, −१२०. आता अशी जोडी शोधायची की गुणाकार −१२० आणि बेरीज ७. पंधरा आणि उणे आठ. मधलं पद फोडायचं, दोन-दोन पदांतून सामाईक काढायचं, कंस मांडायचे. मी खडू झटकत मागे वळले, तेव्हा दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “बाई, सहाचा आणि वीसचा गुणाकार कशाला करायचा? ते तर दोन टोकांना आहेत.”

मी म्हटलं, “तशी रीत आहे.”

ती गप्प बसली. तिचा प्रश्न मात्र माझ्या मागे लागला. इतकी वर्षं मी −१२० काढत होते, आणि तो का काढायचा हे मला कोणी विचारलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं.

उत्तर सापडलं ते दहावीच्या वर्गसमीकरणाची तयारी करताना. भास्कराचार्यांच्या बीजगणितात श्रीधराचार्यांचा एक नियम दिलेला आहे. श्रीधराचार्यांचा मूळ ग्रंथ आज मिळत नाही. नियम टिकला तो भास्कराचार्यांनी उतरून ठेवला म्हणून. नियम सांगतो की समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा. म्हणजे पहिलं पद आपोआप पूर्ण वर्ग होतं आणि अपूर्णांकांची कटकट राहत नाही. मी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. आपल्याला चौपट नको, पण नुसतं सहाने गुणलं तर?

३६क्ष² + ४२क्ष − १२०. आता ६क्ष ला म म्हणा. राशी झाली म² + ७म − १२०. हे तर सोपं उदाहरण! इथे गुणाकार −१२० का हवा, हे विचारायची कोणाला गरजच पडत नाही. अवयव (म + १५)(म − ८), म्हणजे (६क्ष + १५)(६क्ष − ८). पहिल्या कंसातून ३ बाहेर येतो, दुसऱ्यातून २. तीन दुणे सहा, आपण उसने घेतलेले. ते परत केले की हातात राहतं (२क्ष + ५)(३क्ष − ४). टोकांचा गुणाकार म्हणजे त्या उसनवारीचीच खूण होती. तोवर ती मुलगी शाळा सोडून गेली होती. तिच्या वाट्याचं उत्तर मी त्या वर्षापासून दर वर्गाला देते, विचारलं नाही तरी.

जोडी शोधणं ही वेगळी कला आहे. मुलं अंदाज मारत सुटतात. मी यादी करायला लावते: १ आणि १२०, २ आणि ६०, ३ आणि ४०, ४ आणि ३०, ५ आणि २४, ६ आणि २०, ८ आणि १५, १० आणि १२. मग फरकांकडे बघा म्हणते. ११९ पासून सुरू होऊन ते उतरत उतरत २ वर येतात. आपल्याला ७ हवेत, म्हणजे जोडी जवळजवळची; शोध यादीच्या शेवटाकडून करा. आमच्या पिढीला पंधराचा पाढा तोंडपाठ होता म्हणून यादी न करता भागायचं. पाढे सुटले, तर यादी तरी हवी. कॅल्क्युलेटर ही जोडी सुचवत नाही.

आणि चिन्हं! तो आमचा जुनाट आजार. ६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २० इथवर सगळं बरोबर येतं आणि शेवटच्या दोन पदांतून उणे चार काढताना कंसात २क्ष − ५ पडतो. दोन कंस जुळत नाहीत, मग मूल वरचं सगळं खोडून नव्याने सुरुवात करतं. यावर माझा घरगुती उपाय आहे. जोडीत एक संख्या धन आणि एक ऋण असेल, तर ऋण आधी लिहा: ६क्ष² − ८क्ष + १५क्ष − २०. मग २क्ष(३क्ष − ४) + ५(३क्ष − ४). दुसऱ्या गटातून उणे काढायची वेळच येत नाही. दोन्ही ऋण असतील तेव्हा मात्र हा उपाय चालत नाही. तिथे कंस सोडवून पडताळा घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

एक तक्रार पुस्तकांबद्दलही आहे. ‘अवयव पाडा’ म्हटलं की ते पडतातच, अशी मुलांची समजूत होते, कारण सरावसंचातली उदाहरणं तशीच निवडलेली असतात. म्हणून वर्षातून एकदा मी काही न सांगता क्ष² + ५क्ष + ७ फळ्यावर लिहिते. सातची धन पूर्णांकांत जोडी एकच, १ आणि ७, बेरीज आठ. वर्गात चुळबुळ सुरू होते. कोणी म्हणतं, उदाहरण चुकलंय. एकाने एकदा २ आणि साडेतीन काढले होते. गुणाकार सात बरोबर, पण बेरीज साडेपाच. त्याची जिद्द मला आवडली. दहावीत विवेचक येतो तेव्हा याचा निकाल एका ओळीत लागतो: २५ − २८ म्हणजे −३, ऋण, तेव्हा वास्तव संख्यांत अवयव नाहीतच. आणि त्या जुन्या उदाहरणात ४९ + ४८० म्हणजे ५२९, तेविसाचा वर्ग, म्हणून तिथे ते इतके सरळ पडले.

घटक चाचणीत असं एक उदाहरण मी हमखास घालते. जोड्यांची यादी दाखवून ‘अवयव पडत नाहीत’ लिहिणाऱ्याला पूर्ण दोन गुण. नुसतंच ‘पडत नाहीत’ लिहिलं तर अर्धा.