मामांचा बंधारा

धुळ्याजवळ मामांच्या शेतांत ओढ्यावर मातीचा एक लहान बंधारा आहे. पिकांना विहिरीचें पाणी पुरतें. बंधारा केवळ आम्हां मुलांच्या पोहण्यासाठीं. गेल्या श्रावणांत पाणी आणखी खोल व्हावें म्हणून आम्हीं त्याचा सांडवा दगडमातीनें बुजविला व मोठ्या ऐटींत मामांस दाखविला.

मामा रागावले नाहींत. आम्हांस भरावाच्या पायथ्याशीं नेऊन ते म्हणाले, “हा पाझर पाहा. तो स्वच्छ आहे तोंवर ठीक. गढूळ झाला कीं समजावें, आंतली माती वाहूं लागली. आणि पुराचें पाणी सांडवा सोडून भरावावरून गेलें, तर घटकेंत सारा बंधारा कापला जाईल. खालीं सालदारांचीं घरें आहेत, हें तुम्हीं पाहिलेंत काय?”

आम्हीं माना खालीं घातल्या. मग त्यांनीं तिवरे धरणाची हकीकत सांगितली. चिपळूण तालुक्यांतील तें मातीचें धरण २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटलें व खालच्या वाडींतील माणसें घरांसह वाहून गेलीं. २०२१ सालीं धरणांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. परंतु दहा मीटरांहून कमी उंचीचीं धरणें त्याच्या कक्षेंत येत नाहींत. “म्हणून येथें पहारेकरी आपणच,” मामा म्हणाले.

दिवेलागणीपर्यंत खपून आम्हीं सांडवा मोकळा केला. त्याच रात्रीं पाऊस कोसळला. सकाळीं सालदाराची धाकटी मुलगी अंगणांत साचलेल्या पाण्यांत कागदी होड्या सोडीत होती. तिला पाहून माझा जीव भांड्यांत पडला. तेव्हांपासून पाण्यांत उडी टाकण्यापूर्वीं मी सांडवा पाहतों.